प्रवासाची तयारी आणि पाणी टाळणाऱ्या बायका

रविवारच्या पुरवणीतील लांबच्या प्रवासाच्या तयारीवरचा लेख वाचला. टायरची हवा, खाण्याचे डबे, औषधे सारे त्यात आहे. स्वच्छतागृहासाठी कुठे थांबायचे, याचा मात्र शब्दही नाही. सोलापूर ते पुणे सुमारे २५० किलोमीटर. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने माझी सत्तरीतली आई आदल्या रात्रीपासूनच पाणी पिणे टाळते. वाटेत टेंभुर्णीला चहा घे म्हटले तर नुसती मान हलवते, तेही आमच्याकडच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना! पाणी कमी पिणे आणि लघवी धरून ठेवणे, दोन्हींमुळे मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो.

पेट्रोल पंपावर स्वच्छतागृहाची मोफत सोय ठेवणे पंपचालकांवर बंधनकारक आहे. तरी गेल्या वेळी एका पंपावर महिलांच्या दाराला कुलूप होते. किल्लीसाठी आईला केबिनमधल्या चार पुरुषांसमोर जावे लागले. आत कडी नव्हती. पत्नी बाहेरून दार ओढून उभी राहिली.

आता आम्ही निघण्याआधीच थांबे ठरवतो, टेंभुर्णी, मग भिगवण, आणि गरज लागली तर मध्ये इंदापूर. पण ठरवलेल्या ठिकाणी दार उघडे मिळेल, याची खात्री कोण देणार? महामार्गावर पुण्याचे अंतर दाखवणारे फलक आहेत, तसे पुढच्या महिला स्वच्छतागृहाचे अंतरही लिहावे, आणि तिथली किल्ली मागावी लागू नये.

– एक वाचक, सोलापूर