तिसऱ्या मजल्यावरच्या गायिकेस, खरखर थांबवल्याबद्दल

चि. ताईस,
अ. उ. आशीर्वाद.

नाव लिहायचं नाही ही तुझी अट, म्हणून नुसतं 'ताई'. तोंडी आभार मानले तेव्हा 'काका, त्यात काय एवढं' म्हणून तू दोन-दोन पायऱ्या चढत निघून गेलीस. पण कॉम्प्युटरवर विमान उडवणारे माझ्यासारखे हौशी लोक पुष्कळ आहेत, आणि आवाज तुटायला लागला की त्यातले बरेच जण आधी हेडफोन, मग साउंड कार्ड आणि शेवटी अख्खं मशीन बदलायला निघतात. त्यांच्याही कानावर पडावं म्हणून हे जाहीर पत्र.

दुखणं थोडक्यात असं. मशीन चिरंजीवांनी बंगळुरूला जाताना मागे ठेवलेलं, चांगलं दणकट. त्यावर मी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर चालवतो, २०२० सालचा. लोहगावहून उठायचं, घाट ओलांडायचा आणि मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरायचं, हा माझा रोजचा फेरफटका. चित्र लोण्यासारखं सरकायचं. आवाज मात्र पनवेलच्या आसपास तडतडू लागायचा आणि शहर जवळ आलं की पार फाटायचा. इंजिनाची खरखर एकवेळ चालली असती. पण मुंबईच्या व्हीओआरची (विमानाला दिशा दाखवणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनची) ओळख मोर्समध्ये ऐकायची असते: बी, बी, बी. प्रत्येक बी म्हणजे एक लांब सूर आणि मागोमाग तीन आखूड. तो लांब सूर मधेच तुटून त्याचे दोन तुकडे व्हायचे आणि कानाला भलतंच अक्षर ऐकू यायचं. ज्या सुरावरून स्टेशन बरोबर लागलंय की नाही ते ठरवायचं, त्याचीच अशी दशा.

एका दुकानदाराने फोनवरूनच निदान केलं, 'साउंड कार्ड गेलंय, घेऊन या.' यूट्यूबवरच्या एकाने रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या वहीत) बदल सांगितले, दुसऱ्याने बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये). साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं सगळीकडे.

तू आलीस आणि पहिलाच प्रश्न विचारलास, 'काका, खरखर कुठे होते?'

मी म्हटलं, 'हेडफोनमध्ये. स्पीकरमध्येसुद्धा.'

'तसं नाही. नकाशावर कुठे होते?'

हा प्रश्न मला तोवर कोणीच विचारला नव्हता. मग तू मला शेजारी बसवून विमान अरबी समुद्रावर नेलंस, किनाऱ्यापासून बरंच आत. आवाज स्वच्छ. तिथून वळवून वांद्र्याकडे आणलंस, की तडतड सुरू. पुन्हा समुद्रावर, पुन्हा स्वच्छ. विमान तेच, हेडफोन तोच, साउंड कार्डही तेच. दुकानदाराचं निदान तिथेच निकालात निघालं.

त्यानंतर सिम्युलेटर पूर्ण बंद करून तू एक नाट्यगीत लावलंस आणि वायफायवरून एक भलीमोठी फाइल उतरवायला घेतलीस. थोड्या वेळाने नाट्यगीतही तडतडलं. म्हणजे सिम्युलेटरही सुटला. मी गेले कित्येक दिवस त्याला शिव्या घालत होतो, ते असो.

कारण तू सांगितलंस ते मला कळलं तसं लिहितो, चुकलं तर वरून ओरड. या सिम्युलेटरच्या जगाची माहिती दोन पेटाबाइटच्या वर आहे. ती कोणाच्या घरच्या डिस्कवर मावायची नाही, म्हणून विमान जाईल तसतशी जमिनीची चित्रं आणि चढउतार इंटरनेटवरून येत राहतात. समुद्रावर आणण्यासारखं फारसं नसतं. मुंबई आली की मात्र धो धो माहिती येते, आणि ती येते वायफाय कार्डातून. आलेली माहिती उचलण्याचं काम त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, करतो. विंडोज अशी कामं ड्रायव्हरला एका खास रांगेतून करू देतं, तिला डीपीसी म्हणतात. प्रोसेसरच्या ज्या कोअरवर डीपीसी चालू असेल, तिथे बाकीचे प्रोग्रॅम, कितीही महत्त्वाचे असोत, ते संपेपर्यंत ताटकळत बसतात. म्हणूनच डीपीसीने शंभर मायक्रोसेकंदांच्या आत आटपावं, असं खुद्द मायक्रोसॉफ्टचं ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सांगणं आहे.

इकडे विंडोज आवाज तयार करतं साधारण १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी. सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर एका तुकड्यात ४८० नमुने. पुढचा तुकडा वेळेत तयार झाला नाही की मधे भोक पडतं, आणि त्या भोकाच्या कडा म्हणजेच आपल्याला ऐकू येणारी तडतड.

मग मी विचारलं, चित्र कसं काय अडकत नाही? फ्रेम तर सेकंदाला छान ३० दिसतायत. त्यावर तू टेबलावर बोटांनी ठेका धरलास आणि म्हणालीस, 'एक मात्रा गळली तर तबलजीचा हात बघून कळणार नाही, पण ऐकणाऱ्याची मान लगेच अडखळते.' हिशोबही तसाच आहे. ३० फ्रेमला एक चित्र ३३ मिलिसेकंद पडद्यावर असतं, त्यात चार-पाच मिलिसेकंदांचा उशीर डोळा सहज पोटात घालतो. आवाजाच्या १० मिलिसेकंदांच्या तुकड्यातून तेवढे गेले तर निम्मा वेळच गेला. असे दोन उशीर पाठोपाठ आले की संपलंच. फ्रेम चांगल्या आहेत म्हणजे मशीन ठणठणीत आहे, हा आम्हा सगळ्यांचा समज तू त्या ठेक्यावर मोडलास.

हे सगळं तू अंदाजाने बोलत नव्हतीस. कुठला ड्रायव्हर किती वेळ अडवून ठेवतो ते मोजणारा, लेटन्सीमॉन नावाचा छोटा प्रोग्रॅम लावलास. घरी गाणी रेकॉर्ड करणारे तुम्ही लोक तो वापरता हे मला ठाऊक नव्हतं. तो लावून लगेच आकडे बघायचे नाहीत, हेही तूच सांगितलंस. सिम्युलेटर सुरू होतानाचे आकडे फसवे असतात, म्हणून विमान शहरावर फिरत ठेवून मगच मोजायचं. आपण चहा घेईपर्यंत पट्टी लाल झाली होती. ड्रायव्हरच्या यादीत सगळ्यात वर एनडीआयएस डॉट सिस, आणि समोर पाच हजार मायक्रोसेकंदांच्या आसपासचा आकडा. शंभराच्या जागी पाच हजार, म्हणजे पाच मिलिसेकंद!

मी लगेच म्हटलं, काढून टाकू या ती फाइल. तू जवळजवळ माझा हात धरलास. ती विंडोजची स्वतःची फाइल आहे, नेटवर्कचा प्रत्येक ड्रायव्हर तिच्यामार्फतच काम करतो, त्यामुळे दुसऱ्याची दिरंगाई तिच्या नावावर लागते. तिला हात लावणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. खरा चोर तिच्या मागे उभा होता, वायफाय कार्डाचा ड्रायव्हर. त्याची नवी आवृत्ती घालून पाहिलीस, काही फरक नाही. जुनी घातलीस, थोडा फरक. मग सरळ लॅनची केबल टाकायची ठरली.

केबलचं प्रकरण तुझ्या काकूला अजून पसंत नाही. राउटर हॉलमध्ये, मशीन आतल्या खोलीत, आणि मधे नुकताच रंग दिलेली भिंत. पण दाराच्या चौकटीच्या कडेने तू ती इतकी नीट बसवलीस की आता पाहुण्यांना दिसतसुद्धा नाही. केबल लावून पुन्हा मोजलं तर आकडा तीनशेच्या आत. शंभराचा नियम अजून मोडतोच आहे, पण कानाला आता काही कळत नाही. बी, बी, बी ऐकू आलं, अगदी सुटं सुटं.

तरी दर थोड्या वेळाने एक बारीक 'टिक' राहिली होती, ती मी तुला सांगायला लाजत होतो. तूच ओळखलीस. केबल लावली तरी वायफाय कार्ड रिकामं बसत नाही, आजूबाजूची नेटवर्क हुडकत राहतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ते बंद केलंस आणि टिकही गेली.

बाकीची कामं तू बोलता बोलता उरकलीस. हेडफोन, जॉयस्टिक, थ्रॉटल आणि पेडल एकाच यूएसबी हबवर दाटीने बसले होते, त्यातला हेडफोन काढून थेट मदरबोर्डच्या मागच्या खोबणीत. विंडोजमध्ये आवाज ४८,००० वर, सगळी 'सुधारणा' बंद. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, पीसीआय एक्सप्रेसची वीजबचत बंद. फ्रेम ३० वर बांधून टाकल्या, म्हणजे प्रोसेसरला श्वास घ्यायला जागा राहते. यातलं एकेकच केलंस, आणि प्रत्येकानंतर पुन्हा मोजलंस. मला कंटाळा येत होता, खोटं कशाला बोलू. पण त्यामुळे आज मला माहीत आहे की हेडफोन हबवरून काढल्याने काही फरक पडला नव्हता आणि पॉवर प्लॅनने थोडा पडला होता. सगळं एका दमात केलं असतं तर आवाज सुधारला असता, पण कशाने सुधारला ते देवालाच ठाऊक.

तू जे केलं नाहीस, त्याचेही आभार मानायचे आहेत. रजिस्ट्रीला हात लावला नाहीस. एचपीईटी (मशीनमधलं वेळ मोजणारं एक घड्याळ) बंद करा, सगळे ड्रायव्हर एका झटक्यात नवे करून देणारा प्रोग्रॅम घाला, गेम बूस्टर घाला, असे सल्ले मी छापून ठेवले होते. तू ते कागद उलटे करून त्यांच्या कोऱ्या बाजूवर आकडे लिहिलेस. रोगापेक्षा औषध जालीम, एवढंच म्हणालीस.

माझ्या एका मित्राचं दुखणं थोडं निराळं. त्याच्याकडे एएमडी कंपनीचा रायझन प्रोसेसर आहे, आणि आवाजाबरोबर चित्रही क्षणभर गोठतं. त्याला मी तुझाच दाखला दिला: काही रायझन मशीनमध्ये एफटीपीएम नावाच्या सुरक्षेच्या सोयीमुळे विंडोज अधूनमधून अडखळतं, हे एएमडीने २०२२ मध्ये स्वतःच मान्य केलं होतं आणि बायोसच्या नव्या आवृत्तीत दुरुस्तीही दिली होती. त्याने बायोस अजून बघितलेलं नाही. आधी लेटन्सीमॉन लावून आकडे पाठव, असं त्याला बजावलं आहे. त्याच्याकडे जायची वेळ आली तर मी जाईन, तुला तसदी देणार नाही.

काकू विचारतेय, आंबोळ्या रविवारी पाठवू की शनिवारी. आणि आमच्या घरघंटीचा आवाज थेट तुझ्या माइकमध्ये जातो हे परवा जिन्यात बोलता बोलता तुझ्या तोंडून निसटलं. इतके दिवस सांगितलं का नाहीस? यापुढे रेकॉर्डिंग असेल त्या दिवशी नुसता एक मेसेज टाक. घरघंटी आणि मिक्सर बंद ठेवायची जबाबदारी माझी.

तुझा,
दुसऱ्या मजल्यावरचा काका