डॉक्टरांचा शब्द अफवेच्या आधी पोहोचावा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

लहान मुलांचे लसीकरण आणि त्यासंबंधी पालकांशी होणारे बोलणे हा बालरोगतज्ज्ञ म्हणून माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. लसींचा पुरवठा, रिक्त पदे, निधी यांविषयी आपल्याकडे पुष्कळ निवेदने येत असतील. हे पत्र त्यासाठी नाही. लस उपलब्ध आहे, ती टोचणाऱ्या सिस्टर हजर आहेत, बाळाला घेऊन आई-वडील दारापर्यंत आलेही आहेत, आणि तरीही मोबाइलवर आलेल्या कुणा अनोळखी माणसाच्या संदेशामुळे ते "पुढच्या वेळी बघू" म्हणून परत जातात, हा प्रकार आता इतक्या वेळा घडू लागला आहे की त्याची दखल धोरण ठरवणाऱ्यांनी घ्यावी, असे मला मनापासून वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जगाच्या आरोग्यापुढील दहा मोठे धोके जाहीर केले, तेव्हा लस उपलब्ध असूनही ती घेण्याबाबत होणारी चालढकल हा त्यांतला एक धोका होता. त्यानंतर आलेल्या करोनाच्या महासाथीत समाजमाध्यमांवरील अफवांना आणखीच बळ मिळाले.

परत फिरणाऱ्या पालकांना अडाणी किंवा बेजबाबदार ठरवण्याची सवय आरोग्य यंत्रणेतल्या अनेकांना लागली आहे. ती अन्यायकारक तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. या पालकांपैकी कितीतरी जण चांगले शिकलेले असतात आणि आपल्या मुलाला इजा होऊ नये एवढीच त्यांची इच्छा असते. आजारी मुलाला औषध देताना आजार समोर दिसत असतो. लस मात्र हसत्याखेळत्या बाळाला टोचायची असते, आणि ज्या आजारापासून तिने वाचवायचे तो आजार त्या आई-वडिलांनी कधी पाहिलेलाच नसतो. घटसर्पात मुलाच्या घशात राखाडी, चिवट पडदा धरतो, मान सुजते आणि श्वास कोंडू लागतो. डांग्या खोकल्यात तान्हे बाळ खोकता खोकता निळे पडते आणि काही वेळा श्वास घ्यायचेच थांबते. देवीचा रोग तर १९८० साली जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. लसींनी आपले काम इतके चोख बजावले की आजारांची भीती मागे पडली आणि तिची जागा लसीच्या भीतीने घेतली. घाबरलेल्या माणसाला कुणाच्या तरी शब्दाचा आधार हवा असतो, आणि जो शब्द आधी कानावर पडतो तोच मनात घर करतो.

हा शब्द कुणाचा असावा? डॉक्टर सर्वज्ञ असतात म्हणून त्यांचे ऐका, असे मी पालकांना कधीच सांगत नाही. डॉक्टरांना जाब विचारता येतो, हे त्यांच्यावर विश्वास ठेवण्याचे खरे कारण आहे. माझे नाव आणि नोंदणी क्रमांक वैद्यक परिषदेच्या दप्तरी आहे. मी दिलेल्या प्रत्येक डोसाची तारीख, लसीचे नाव आणि बॅच क्रमांक लिहिलेला असतो. माझ्याकडून हयगय झाली तर माझी चौकशी होऊ शकते आणि माझी नोंदणी रद्दही होऊ शकते. रात्री बाळाला ताप चढला की पालक मला फोन करतात, आणि तो मला घ्यावाच लागतो. माझ्या मागेही जाब देणाऱ्यांची एक लांब साखळी उभी आहे: लसीच्या चाचण्या आधी काही मोजक्या आणि मग हजारो लोकांवर होतात, मंजुरी देणारी संस्था त्या चाचण्यांचे तपशील तपासते, बाजारात येणाऱ्या बॅचची तपासणी होते आणि मंजुरीनंतरही दुष्परिणामांच्या नोंदी गोळा होत राहतात. याउलट "लसीने मुले दगावली, सर्वांना कळवा" असा संदेश लिहिणाऱ्याचे नाव कुणाला ठाऊक नसते, त्याने काय वाचले आणि काय तपासले हे विचारायची सोय नसते, आणि त्याच्या सल्ल्यावरून लस टाळलेल्या मुलाला गोवर झाला तर तो रुग्णालयात येऊन बसणार नसतो.

अफवा बहुधा निव्वळ थापेवर उभी नसते. तिच्यात खऱ्याचा एखादा तुकडा असतो, आणि म्हणूनच ती पटते. स्वमग्नतेची (ऑटिझमची) लक्षणे पालकांच्या लक्षात येऊ लागतात ते वय आणि गोवर, गालगुंड व रुबेला यांची एकत्रित लस देण्याचे वय साधारण एकच आहे, त्यामुळे एकामागून दुसरे घडलेले पाहणाऱ्या आईला त्यांत कार्यकारणसंबंध दिसला तर त्यात नवल नाही. अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरांनी १९९८ साली अवघ्या १२ मुलांच्या निरीक्षणांवरून हाच संबंध सुचवणारा लेख "द लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केला. पुढे मुलांच्या नोंदींत फेरफार झाल्याचे आणि लस उत्पादकांविरुद्ध दाव्याची तयारी करणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळाल्याचे उघड झाले. २०१० साली लेख मागे घेण्यात आला आणि त्याच वर्षी ब्रिटनमधील त्यांची वैद्यकीय नोंदणीही रद्द झाली. डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासणाऱ्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस घेतलेल्या मुलांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. तरीही तो बारा मुलांचा लेख आजही संदेशांतून फिरतो, आणि लाखो मुलांचा अभ्यास बहुतेक पालकांपर्यंत पोहोचलेलाच नसतो.

अशा पालकांशी बोलताना काय उपयोगी पडते, ते थोडे तपशिलाने सांगते. एका आईने मला मोबाइलवरची ध्वनिफीत ऐकवली. उन्हात राहिलेली लस मुलांना टोचली जाते आणि ती विषारी होते, असे त्यात एक ठाम आवाज सांगत होता. मी तिला आकडेवारी सांगितली नाही. कुपी तिच्या हातात दिली आणि तिच्यावरचे छोटे वर्तुळ दाखवले. त्या वर्तुळाच्या आत एक चौकोन असतो. लस ताजी असताना तो फिकट असतो, उष्णता लागत गेली की गडद होत जातो, आणि त्याचा रंग बाहेरच्या वर्तुळाइतका झाला की ती कुपी वापरायची नसते. उष्णता लागलेली लस विषारी होत नाही, तिचा प्रभाव कमी होतो, आणि तसे होऊ नये म्हणूनच ही खूण कुपीवर असते, हेही मी तिला सांगितले. तिने चौकोन निरखून पाहिला, सिस्टरांनाही दाखवायला लावला आणि विचारले, "डॉक्टर, मग टोचल्यावर अर्धा तास का बसवून ठेवता?" हा प्रश्न उत्तम होता. तीव्र ॲलर्जी ही अत्यंत विरळ, साधारण दहा लाख डोसांमागे एखाद्या वेळी घडणारी गोष्ट आहे, पण ती बहुधा पहिल्या काही मिनिटांतच दिसते आणि तिच्यावरचे इंजेक्शन आमच्या हाताशी असते, हे मी तिला सांगितले. धोका अजिबात नाही असे म्हणाले असते तर तिचा माझ्यावरचा विश्वास डळमळला असता. या बोलण्याला बराच वेळ लागला, बाहेर रांग वाढली, आणि बाळाला लस दिली गेली.

महोदय, असा वेळ लसीकरणाच्या दिवशी बहुतेक केंद्रांवर नसतो. टोचायचे, नोंद करायची, पुढचे बाळ घ्यायचे, अशी घाई असते, आणि शंका विचारणारी आई रांग अडवणारी ठरते. घरी जाऊन तिला मोबाइल पाहायला मात्र भरपूर वेळ मिळतो.

आता शासनाच्या वाट्याला येणाऱ्या गोष्टीकडे वळते. सामोआ या छोट्या बेटदेशात जुलै २०१८ मध्ये गोवराची लस दिल्यानंतर दोन बालके दगावली. लस निर्दोष होती. तिच्या भुकटीत मिसळायच्या पाण्याऐवजी भूल देताना वापरायचे, तेही मुदत संपलेले औषध मिसळले गेले होते, आणि त्या प्रकरणी दोन परिचारिकांना पुढे शिक्षाही झाली. परंतु कार्यक्रम थांबवला गेला तो कित्येक महिने थांबलेलाच राहिला, आणि त्या रिकाम्या काळात लसविरोधी प्रचाराला मोकळे रान मिळाले. लसीकरणाचे प्रमाण तिथे आधीच घसरत होते, ते आता तळाला गेले. एक गोवराचा रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना बाधित करू शकतो, आणि तो खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. साथ रोखायची तर सुमारे ९५ टक्के लोकांनी लस घेतलेली असावी लागते. २०१९ च्या अखेरीस सामोआत गोवराची साथ आली आणि सुमारे दोन लाख लोकवस्तीच्या त्या देशात ८३ जण दगावले, त्यांत बहुतेक लहान मुले होती. डिसेंबरमध्ये सरकारने दोन दिवस सगळे व्यवहार बंद ठेवून घरोघरी लस दिली, आणि लस न झालेल्या घरांनी दारासमोर लाल कापड लावावे असे सांगितले. एका लसविरोधी प्रचारकाला अटकही झाली. तोवर साठाहून अधिक मृत्यू झालेले होते. अफवा पसरवणाऱ्यांवर गुन्हे दाखल करा, अशी मागणी आपल्याकडे वरचेवर होत असेल, म्हणून हा क्रम मी मुद्दाम सांगितला. माझ्या मते अटकेने अफवा पसरवणाऱ्याला हुतात्मा होण्याची संधी मिळते आणि पालकांची शंका मात्र होती तिथेच राहते.

जपानमध्येही हेच आधी घडून गेले होते. १९७० च्या दशकाच्या मध्यात डांग्या खोकल्याच्या लसीनंतर झालेल्या दोन बालमृत्यूंमुळे लसीकरण सुमारे ८० टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंत खाली आले, आणि १९७९ साली त्या आजाराचे सुमारे १३ हजार रुग्ण आढळले व ४१ मृत्यू झाले.

याच्या उलट वागणूकही इतिहासात आहे. अमेरिकेत १९९८ साली मंजूर झालेल्या पहिल्या रोटाव्हायरस (बाळांना तीव्र जुलाब करणारा विषाणू) लसीनंतर काही बाळांच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकल्याच्या नोंदी आल्या, तेव्हा तिथल्या आरोग्य यंत्रणेने वर्ष उलटण्याच्या आतच तिचा वापर थांबवायला सांगितले, कारण जाहीर केले आणि ती लस बाजारातून काढून घेतली गेली. त्यानंतर आलेल्या रोटाव्हायरस लसींच्या चाचण्या प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बाळांवर घेण्यात आल्या, तो याच अनुभवाचा परिणाम होता. मी ही घटना पालकांना आवर्जून सांगते. "यंत्रणा सगळे लपवते" हा अफवेचा सर्वांत आवडता दावा आहे, आणि यंत्रणेने स्वतःहून जाहीर केलेले अप्रिय सत्य हेच त्याला उत्तर आहे.

डेन्मार्कमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणाऱ्या एचपीव्ही लसीचे प्रमाण २०१५ च्या सुमारास एका दूरचित्रवाणी माहितीपटानंतर ९० टक्क्यांच्या आसपास होते तिथून चाळिशीच्या खाली कोसळले. तिथल्या आरोग्य खात्याने २०१७ मध्ये डॉक्टरांची संघटना आणि कर्करोगविषयक संस्था यांना सोबत घेऊन मोहीम काढली, आणि जिथे भीती पसरली होती त्या समाजमाध्यमांवरच आयांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायला माणसे बसवली. लसीकरण पुन्हा वर चढले. ही लस काय करते, तेही दिसून आले आहे: स्कॉटलंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी ती घेतलेल्या मुलींमध्ये पुढे या कर्करोगाचा एकही रुग्ण आढळला नाही, असे तिथल्या नोंदींच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटले आहे.

या सगळ्यावरून आपल्याकडे माझ्या काही मागण्या आहेत. लसीकरणानंतर कोणतीही गंभीर घटना घडली तर त्याच दिवशी, चौकशी पूर्ण झालेली नसली तरी, काय घडले आहे आणि कशाची चौकशी सुरू आहे हे सांगणारे निवेदन यावे, आणि ते बालरोगतज्ज्ञाने किंवा साथरोगतज्ज्ञाने स्वतःच्या नावाने करावे. लसीकरणानंतरच्या घटनांची चौकशी करणाऱ्या समित्यांचे अहवाल, मुलांची ओळख गुप्त ठेवून, सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत प्रसिद्ध व्हावेत. त्यांत कर्मचाऱ्यांची चूक आढळली असेल तर तीही लिहावी, आणि मूल लसीमुळेच दगावले असेल तर तेही लिहून त्या कुटुंबाला विनाविलंब भरपाई द्यावी. लसीकरणाच्या प्रत्येक सत्राला एक प्रशिक्षित व्यक्ती केवळ पालकांशी बोलण्यासाठी असावी. तिच्या हाती सुई नको आणि नोंदवहीही नको. ही मागणी खर्चिक आहे हे मला माहीत आहे, पण गोवराच्या साथीत भरलेल्या वॉर्डाचा खर्च त्याहून मोठा असतो, आणि तिथे दगावलेले मूल कोणत्याही खर्चाने परत येत नाही.

आणखी एक मागणी अधिकारपदावरील व्यक्तींविषयी आहे. नोंदणीकृत डॉक्टर जेव्हा पुराव्याविना लसीविरुद्ध प्रचार करतो, किंवा लोकप्रतिनिधी एखाद्या काढ्याला लसीचा पर्याय म्हणून जाहीर करतो, तेव्हा त्या अफवेला पदाचा शिक्का मिळतो आणि ती खोडून काढणे आमच्या हाताबाहेर जाते. अशा डॉक्टरांची प्रकरणे वैद्यक परिषदेकडे तातडीने पाठवावीत, आणि आपल्या सहकाऱ्यांनी केलेल्या अशा विधानांचे खंडन आपण स्वतः, जाहीरपणे करावे.

यांतील चौकशी अहवाल प्रसिद्ध करण्याच्या मागणीला नवा कायदा किंवा नवी पदे लागत नाहीत. आपल्या एका आदेशाने ते काम सुरू होऊ शकते. पुढील लसीकरण मोहीम सुरू होण्याआधी असा पहिला अहवाल लोकांसमोर यावा, अशी विनंती करते.

आपली विश्वासू,
एक बालरोगतज्ज्ञ