साबण, शिधा, डबे आणि रक्त : नवी पेठ ते जनता वसाहत परिसरातील नागरिकांना आवाहन

पुणे, शनिवार, २१ मार्च २०२०

सप्रेम नमस्कार.

दुबईहून परतलेल्या पुण्यातल्या दोघांना कोरोना झाल्याचे अहवाल ९ मार्चला आले. त्याला अजून दोन आठवडेही झालेले नाहीत, पण औषधाच्या दुकानांतून मास्क आणि सॅनिटायझर नाहीसे झाले आहेत, वाण्याकडून तूरडाळ पाच-पाच किलोंनी उचलली जाते आहे, कोंबडीने कोरोना होतो या अफवेपायी चिकनवाले हात बांधून बसले आहेत आणि गळ्यागळ्यांत कापराच्या पुड्या लटकू लागल्या आहेत. त्यातच कालच्या आदेशाने जीवनावश्यक सोडून बाकीची दुकाने आणि कार्यालये ३१ मार्चपर्यंत बंद झाली. उद्या, रविवारी, जनता कर्फ्यू आहे, म्हणजे सर्वांनी घरातच थांबायचे आहे. ज्यांचे पोट रोजच्या हजेरीवर चालते त्यांची अडचण एकतीस तारखेची वाट पाहणार नाही.

परिसरातली मंडळे, सोसायट्या आणि दवाखाने चालवणारे डॉक्टर यांच्या या संयुक्त समितीकडे "आम्ही काय देऊ?" असे विचारणारे फोन भरपूर येतात. देण्याची इच्छा आहे, पण जे येते त्यातले बरेचसे उपयोगाचे नसते. म्हणून काय हवे आणि काय नको, ते नेमके लिहीत आहोत.

सगळ्यात आधी साबण. दांडेकर पूल आणि जनता वसाहत या वस्त्यांत अनेक घरांसाठी सार्वजनिक स्वच्छतागृह एकच असते. कडी तीच, नळ तोच, बादलीही तीच. तिथे सॅनिटायझरची बाटली ठेवली तर ती दोन दिवसांत संपते किंवा जाते, आणि मळलेल्या हातांवर तिचा उपयोगही कमीच. या विषाणूभोवती चरबीचे पातळ आवरण असते, ते साध्या साबणाने फुटते. त्याला औषधी साबण लागत नाही, वास लागत नाही. वीस सेकंद चोळणे मात्र लागते. दहा रुपयांची वडी या कामाला पुरेशी आहे. सॅनिटायझर घ्यायचेच असेल तर सरकारने २०० मिलिलिटरला १०० रुपये ही कमाल किंमत ठरवून दिली आहे, त्याहून जास्त देऊ नका. आणि घरी स्पिरिट व कोरफडीचा गर मिसळून तयार केलेले आमच्याकडे आणू नका. त्यात अल्कोहोल साठ टक्क्यांच्या खाली गेले तर हात थंड वाटतात, एवढेच.

स्वच्छतागृहांपाशी हात धुण्यासाठी ड्रम बसवायचे आहेत. त्यासाठी ५० लिटरचे प्लास्टिकचे ड्रम हवेत. खाण्याच्या तेलाचे किंवा लोणच्याचे चालतील, रंगाचे किंवा रसायनांचे अजिबात नकोत, मग ते कितीही घासलेले असोत. सोबत लांब दांड्याची तोटी द्या, म्हणजे ती कोपराने फिरवता येते. गोल चावीची तोटी मळक्या हाताने उघडली जाते आणि धुतलेल्या हाताने बंद केली जाते. मग धुऊन मिळवले काय? तोटी तळापासून चार बोटे वर बसवावी, नाहीतर गाळ येतो. वॉशर आतून आणि बाहेरून असे दोन लागतात. एकाच वॉशरवर भागवलेला ड्रम गळतो, खाली चिखल होतो आणि तिसऱ्या दिवशी लोक तिकडे फिरकत नाहीत. म्हणून ड्रममागे दोन घमेली खडीसुद्धा हवी आहे. तोटी अर्धी उघडली तर एका वेळेला साधारण अर्धा लिटर पाणी जाते, म्हणजे एका ड्रममध्ये शंभर जणांचे हात धुतले जातील. तीनशे माणसे वापरतात त्या ठिकाणी एकेकाने एकदाच हात धुवायचे म्हटले तरी ड्रम तीनदा भरावा लागतो. पाणी भरायला किमान सकाळी सहा आणि सायंकाळी सहा वाजता प्रत्येकी दोन माणसे हवीत. देणगीपेक्षा ही माणसे मिळणे अवघड जाते, हे स्पष्टच सांगतो.

वडी उघडी ठेवली की विरघळते किंवा उचलली जाते. कांद्याच्या लाल जाळीत घालून ती तोटीला बांधली की आठवडाभर टिकते, तेव्हा घरातल्या जाळ्या टाकू नका. दुसरा उपाय आणखी स्वस्त आहे : दीड लिटर पाण्यात ३० ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवायची आणि बाटलीच्या झाकणाला गरम दाभणाने भोक पाडायचे. पावडर अंदाजाने जास्त पडली तर हातांची आग होते आणि माणसे साबणच टाळतात, म्हणून मोजून घाला.

कड्या आणि फरशीसाठी ब्लीचिंग पावडर हवी, पण सीलबंद एक किलोच्या पाकिटांत आणि ताज्या तारखेची. उघड्या पोत्यातल्या पावडरीचा क्लोरीन उडून गेलेला असतो. साधारण तीस टक्के क्लोरीनची ३५ ग्रॅम पावडर दहा लिटर पाण्याला पुरते. गाळ खाली बसू द्यावा, वरचे पाणी वापरावे, दहा मिनिटे ओले राहू द्यावे आणि रोज नवे करावे. आधी घाण धुवायची, कारण घाणीतच औषध खर्ची पडते. संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर हे कधीही मिसळू नका. निघणारा वायू फुप्फुसे जाळतो. माणसांच्या अंगावर फवारण्याचा विचारही कोणी करू नये.

आता शिधा. चार माणसांना दहा दिवस पुरेल असा संच ठरवला आहे : गव्हाचे पीठ ५ किलो, तांदूळ ५ किलो, तूरडाळ दीड किलो, गोडेतेल १ लिटर, साखर १ किलो, चहा पाव किलो, मीठ १ किलो, तिखट २०० ग्रॅम, हळद १०० ग्रॅम, कांदे आणि बटाटे दोन-दोन किलो, साबणाच्या दोन वड्या. अंदाजे हजार रुपये लागतात. शक्य असेल तर वस्तूंऐवजी पैसे द्या. समिती घाऊक घेईल, आणि सगळे संच सारखे असले की वाटताना भांडणे होत नाहीत. एकाच्या पिशवीत बासमती आणि शेजारच्याच्या पिशवीत कणी असली की वस्तीत काय होते, ते वाटप केलेल्या कुणालाही विचारा. जुने कपडे, बिस्किटांचे सुटे पुडे, फोडलेली पाकिटे नकोत.

नवी पेठ आणि सदाशिव पेठेतल्या मुलामुलींना मात्र या शिध्याचा काहीच उपयोग नाही. स्पर्धा परीक्षेसाठी कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचे भाडे भरून, राहणाऱ्यांपैकी अनेक जण ५ एप्रिलच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेमुळे गावी गेलेले नाहीत. त्यांच्याकडे ना गॅस ना भांडी, आणि खानावळी एकेक करून बंद होत आहेत. त्यांना डबे हवेत. दोन माणसांचा स्वयंपाक जास्तीचा करू शकतील अशी घरे आम्ही शोधतो आहोत. चार पोळ्या आणि एक कोरडी भाजी किंवा उसळ, एवढेच. पोळ्या गरम असताना गुंडाळल्या की घाम सुटून चिकट होतात, पूर्ण निवू द्या. भात देऊ नका, या उन्हात पोचेपर्यंत तो आंबतो. रस्सा गळतो. दही, काकडी, कच्चे काही नको. ज्या घरात कोणाला ताप, खोकला आहे किंवा परदेशातून आलेले माणूस आहे, त्यांनी यात भाग घेऊ नये; त्यात कमीपणा नाही. डबा नेण्यासाठी जिन्यात एकच स्वयंसेवक येईल.

परदेशातून आल्यामुळे ज्यांच्या डाव्या हातावर विलगीकरणाचा शिक्का मारला आहे, त्यांच्या कुटुंबांबद्दल थोडे सविस्तर. शिक्का म्हणजे माणूस आजारी आहे असे नव्हे, चौदा दिवस घरात थांबून स्वतःवर लक्ष ठेवायचे आहे एवढाच त्याचा अर्थ. काही इमारतींत अशा घरांचे दूध बंद केले गेले, कचरा उचलला गेला नाही. मग त्या घरातला माणूस दुधासाठी स्वतःच खाली उतरतो, म्हणजे नेमके जे टाळायचे तेच होते. आणि पुढच्या वेळी परदेशातून येणारा ते सांगतच नाही. १८९७च्या प्लेगमध्ये घरझडत्यांच्या धास्तीने याच शहरात लोक रोगी लपवत होते. त्याच वर्षीचा साथरोग कायदा राज्याने १३ मार्चला लागू केला आहे. लपवालपवीही परत आणायला नको. अशा प्रत्येक घरासाठी मजल्यावरचा एक शेजारी हवा. त्याने दूध, भाजी आणि औषध दाराबाहेर ठेवायचे, बेल वाजवायची आणि मागे सरायचे. पैसे ऑनलाइन घ्यावेत.

परिचारिका आणि वॉर्डबॉय यांना खोली सोडायला सांगणाऱ्या घरमालकांनाही हेच सांगणे. तसे करू नका. एखादी खोली रिकामी असेल तर उलट ती कळवा. धुणीभांडी करणाऱ्या ताईंना सुट्टी द्यायची असेल तर पगारी द्या; पगार कापून वर शिध्याचा संच देण्यात अर्थ नाही.

रक्त. महाविद्यालये बंद आणि गर्दीला मनाई, त्यामुळे शिबिरे रद्द होत आहेत. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतेच, त्याला साथीची सवड नाही. दान केलेल्या रक्तातल्या प्लेटलेट पाच दिवसच टिकतात. म्हणून एकाच दिवशी शंभर जण नकोत, रोज सहा-सात जण हवेत, वेळ ठरवून. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, मागील रक्तदानाला पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिने झालेले असावेत. परदेशातून आलेल्यांनी किंवा त्यांच्या संपर्कात राहिलेल्यांनी २८ दिवस थांबावे.

मास्क घरात साठवले असतील तर न उघडलेली खोकी परिसरातल्या दवाखान्यांसाठी द्या. हनुवटीवर ओढलेला आणि बोलताना पुढून चाचपलेला मास्क वापरणाऱ्याच्या कामाचा नाही, डॉक्टरांच्या मात्र आहे. नुसती शंका आली म्हणून साथरोगांच्या नायडू रुग्णालयात जाऊन रांग लावू नका. २००९च्या स्वाइन फ्लूत त्या रांगांमध्येच ताप नसलेले तापकऱ्यांना खेटून उभे होते. आधी १०४ किंवा १०७५ या सरकारी मदतक्रमांकांवर फोन करा. धाप लागत असेल तर मात्र थांबू नका.

एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांना रोज फोन करतील असे तीस स्वयंसेवक हवेत, प्रत्येकी दहा घरे. तीनच प्रश्न : ताप, खोकला किंवा धाप आहे का, औषधे किती दिवसांची उरली, जेवण झाले का. औषधाचे नाव ऐकून लिहू नये, पट्टीचा फोटो मागावा. पाच आणि दहा मिलिग्रॅमच्या गोळीचे नाव फोनवर सारखेच ऐकू येते. एका महिन्याची औषधे आणावीत, सहा महिन्यांची नकोत.

पैसे यूपीआयने किंवा धनादेशाने द्यावेत आणि पावती घेतल्याशिवाय देऊ नयेत. क्रमांक फक्त समितीच्या फलकावरचा खरा समजावा. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या क्यूआर कोडवर पैसे पाठवू नका. जमाखर्च दर शनिवारी त्याच फलकावर लागेल.

संचांची पहिली खेप सोमवारी सकाळी निघावी असा प्रयत्न आहे, म्हणजे बुधवारी पाडव्याला त्या घरांत चूल पेटलेली असेल. त्यासाठी नावे आणि रकमा उद्या रात्रीपर्यंत कळवाव्यात. उद्या सकाळी सात ते रात्री नऊ कोणीही काही आणून देण्यासाठी घराबाहेर पडू नये. फोन दिवसभर सुरू आहे.