दत्त्याला, चंद्री आली होती म्हणून

प्रिय दत्त्या,

सात-आठ महिने फोन नाही केला, चिडला असशील, चिड. बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठीक. कालचं घरी सांगितलं तर म्हणाले एवढं काय त्यात. तुलाच कळेल.

काल आमच्या शाळेत आरटीईच्या पंचवीस टक्के जागांवरच्या, म्हणजे गरीब घरच्या, खासगी शाळेत मोफत शिकणाऱ्या पोरांचे पालक कागदपत्रं घेऊन आले होते. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली, तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे आले होते. जुलैत हायकोर्टाने तो नियम रद्द केला. आता संस्थेने फॉर्म काढलाय, 'उपक्रम शुल्क स्वेच्छेने भरण्यास तयार आहे', खाली पालकाची सही आणि त्याखाली माझी, शैक्षणिक संचालक म्हणून. या पोरांच्या फीची शासनाकडून येणारी प्रतिपूर्ती थकते हे खरंय रे, पगार कुठून करायचे हे मलाही पडतं, पण त्यासाठी मोलमजुरी करणाऱ्यांच्या सह्या?

तर रांगेत आपली चंद्री! दगडूमामांची नात, चिंचोका गिळलेली, तू तिला केळी चारत बसलेलास आणि मी सायकलवर नर्सबाईंना आणायला. पोरगा पहिलीत. सगळे भराभर सह्या करत होते, हिने फॉर्म टेबलावर ठेवला, ओळीखाली बोट धरलं, तू शिकवलेलं तस्संच, आणि 'स्वेच्छेने'वर थांबून मला विचारते, "गुरुजी, म्हंजी न्हाय दिलं तरी चालतंय नव्हं?"

मला आपलं २०१५ चं भांडण आठवलं. मी केंद्रप्रमुख, वरून प्रगत शाळांचा आकडा मागत होते, तुझ्या दोन पोरांना हातच्याची वजाबाकी येत नव्हती, मी म्हणालो लिही प्रगत, येईल महिन्याभरात, आणि तू भर शिक्षण परिषदेत पेन माझ्यापुढे ठेवलंस. सहा महिने बोलला नाहीस, येडा कुठला. मग एनजीओत गेलो, वाटलं इथे आकड्याचा धाक नसेल, तर तिथे बेसलाइन-एंडलाइन, म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची वाचन चाचणी, आणि परिच्छेदावर अडकलेलं पोर 'गोष्ट वाचतो' या वरच्या पातळीत ढकलायचं कारण फंडिंगचं रिन्यूअल मार्चमध्ये. 'खासगीत पगारासाठी गेलास' असं तू मला म्हणतोस, माझ्या पोरीची फी होतीच, नाकारत नाही, पण पहिलीच्या बाईंबरोबर वाचनावर दोन वर्षं जे काम झालंय ते येऊन बघ एकदा. आपल्याला झेडपीत असा निवांत वेळ कधी मिळाला होता का? तेच सोडवत नाही.

चंद्रीला म्हणालो, चालतंय, नको देऊ. तिचा फॉर्म काढून घेतला. आधीचे तेवीस ड्रॉवरमध्ये आहेत, माझी सही बाकी. सोमवारी मीटिंग. त्या तेवीस जणांनाही परत बोलावून हेच सांगणार आहे, असं मनाशी ठरवलंय, पण रात्री झोप लागली नाही.

तुझी बदली झाली का? वहिनींचा गुडघा? बारक्याचा बारावीचा निकाल कळव.

रविवारी रात्री फोन कर. त्या दिवशी माझ्यापुढे पेन ठेवलंस तेव्हा तुझ्या पोटात काय होत होतं, ते विचारायचंय.

तुझा,
सुभ्या