मनू, तू दादा नव्हेस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर विचारलंस, ‘बाबा, माणसाचा क्लोन, म्हणजे एकाच्या पेशीपासून केलेली त्याची प्रत, आपल्या धर्मात चालतो का? सेमिनारला बोलायचंय.’ तेव्हा मी गोठ्यात होतो. म्हैस अडली होती, माझा हात कोपरापर्यंत आत होता आणि मालकाच्या पोरानं फोन कानाला धरला होता. म्हणून लिहून कळवतो म्हणालो.

तीस वर्षं मी कृत्रिम रेतनानं गायी-म्हशी भरवतोय. नायट्रोजनच्या टाकीतून गोठवलेल्या वीर्याची कांडी काढायची, कोमट पाण्यात धरायची, पुढचं तुला माहीतच आहे. सुरुवातीला माळकरी म्हातारे म्हणायचे, वळू नाही आणि वासरू कसलं, देवाच्या कामात हात घालू नका. आज त्याच घरांतून सकाळी सहाला फोन येतो, ‘म्हैस माजावर आलीय, लवकर या.’ त्यामुळे ‘हे देवाचं काम’ एवढ्यावर मला थांबता येत नाही.

तुझ्या ख्रिस्ती-मुसलमान मैत्रिणींना उत्तर सापडेल. कॅथलिक चर्च माणसाच्या क्लोनिंगला ठाम नाही म्हणतं. क्लोन केलेल्या डॉली मेंढीची बातमी १९९७ च्या फेब्रुवारीत आली आणि त्याच वर्षी जेद्दाहच्या इस्लामी फिकह (धर्मकायदा) अकादमीनं माणसाचा क्लोन निषिद्ध ठरवला. झाडं-जनावरांपुरती मर्यादेत मोकळीक ठेवली. आपल्याकडे असा निवाडा देणारं एक पीठ नाही, म्हणून माणसं गोष्टींना धरतात. २०१९ साली जालंधरच्या सायन्स काँग्रेसमध्ये कौरव टेस्ट ट्यूब बेबी होते असं सांगितलं गेलं. मला ते ऐकून फार वाईट वाटलं. कुंतीला मुलगा झाला हे कळल्यावर गांधारीनं स्वतःच्या पोटावर मारून घेतलं, त्या दुःखाची ती गोष्ट. तिच्यातून प्रयोगशाळा काढायची म्हणजे गांधारी बाजूलाच राहिली.

गणपतीची गोष्ट बघ. पार्वतीनं अंगाच्या मळाचं बाळ एकटीनं घडवलं. कशासाठी? दाराशी पहाऱ्याला. आईनं नेमलेलं काम करतानाच त्याचं डोकं गेलं. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट, पण अलीकडे मी त्या पोराच्या बाजूनं ऐकतो. आणि ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तात सृष्टी कशी झाली हे विचारता विचारता ऋषी शेवटी म्हणतो, परम आकाशातला तो अध्यक्ष जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल. माझी श्रद्धा या ओळीवर टेकलेली आहे. जन्माला येणारं काय घेऊन येतंय हे आधी ठाऊक नसतं. ते ठरवून टाकायला माझं मन धजत नाही.

आता तुला कधी न सांगितलेलं सांगतो. २००९ च्या जूनमध्ये तुमच्या कर्नालला गरिमा ही क्लोन केलेली रेडी झाली. त्याआधी फेब्रुवारीत झालेलं तसलंच रेडकू आठवडाभरातच गेलं होतं. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा तू चार वर्षांची, आजीच्या मांडीवर. आजी मला म्हणाली, ‘असा आपला दादा परत करता येईल का रे?’ दादाला, तुझ्या थोरल्या भावाला, जाऊन सहा वर्षं झाली होती. मी तिच्यावर चिडलो नाही, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं.

तू झालीस तेव्हा तुझ्या कानामागचा तीळ बघून सगळे म्हणाले, दादाच आला. दादाला दही आवडायचं म्हणून तुझ्या ताटात दही पडायचं, तू तोंड फिरवायचीस. त्याचा निळा स्वेटर तुला घालायचो. एका थंडीत तू तो काढून फेकलास, ‘हा दादाचा आहे, माझा नाही.’ मी तुला रागावलो. आईनं तो झटकून घडी घालून ठेवला. त्या दिवशी तुझं बरोबर होतं, मनू.

क्लोन केलेल्या लेकराला तो स्वेटर काढता येणार नाही. अंगच दुसऱ्याचं म्हणून दिलेलं. आणि एवढं करून आजीला दादा मिळाला नसताच; होल्स्टीन गायींच्या क्लोनांचे ठिपकेसुद्धा तंतोतंत सारखे येत नाहीत, हे तू मला शिकवलंस.

सेमिनारमध्ये आकडेही सांग. डॉलीसाठी २७७ वेळा पेशी जुळवल्या, २९ गर्भ १३ मेंढ्यांत सोडले, एक कोकरू झालं. २०१८ च्या जानेवारीत शांघायच्या क्लोन केलेल्या माकडांची बातमी आली: ७९ गर्भ, २१ माद्या, जिवंत पिल्लं दोन. म्हैस गाभडली की काय होतं ते मी बघतो. ती दोन दिवस चाऱ्याला तोंड लावत नाही, मालकीण पदर डोळ्याला लावते. त्या २१ जागी बायका ठेवून बघ. आपल्या देशाच्या स्टेम सेल (मूळ पेशी) संशोधनाच्या मार्गदर्शक सूचनांत माणसाच्या क्लोनिंगला मनाई आहे, ती राहावी असं मला मनापासून वाटतं. आजारी माणसासाठी पेशी वाढवायच्या असतील तर ते वेगळं, त्याला माझी हरकत नाही.

त्या म्हशीला रेडी झाली. वार पडायला रात्र झाली, म्हणून पत्राला उशीर.

आजी विचारतेय, मनू सुट्टीला आली की तिच्या आवडीचं काय करायचं? मला नीट सांगता आलं नाही. कळव.

तुझा,
बाबा