वाघिणीला रस्ता ओलांडू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भर मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात ताडोबाला जाणारी आमच्यासारखी कुटुंबं वाघासाठीच जातात, हे मान्य करूनच लिहिते आहे. पाणवठे आटतात, उरल्यासुरल्या पाण्यावर जनावर हमखास येतं, म्हणून गर्दीही याच दिवसांत.

सकाळच्या फेरीला मोहर्ली गेटातून आत गेलो. तासाभराने गाइडने जिप्सी थांबवली. भेकर, म्हणजे छोटं हरीण, भुंकत होतं, पाठोपाठ झाडावरचं वानर खेकसलं; वाघ जवळ असल्याची ही खूण. "चालून राहिला," तो हळूच म्हणाला. पुढच्या वळणावर बघतो तर अकरा गाड्या. गवताच्या कडेला वाघीण उभी आणि रस्त्यापलीकडे पाणवठा. दोन पावलं पुढे यायची, समोर गाडी दिसली की मागे फिरायची. असं तीनदा झालं. तिला इतकी धाप लागली होती, की पोट हलताना दिसत होतं. आमच्या गाइडने चालकाला गाडी मागे घ्यायला सांगितलं, तर आमच्याच गाडीतले एक गृहस्थ कडाडले, "ओ भाऊ, पैसे काय गाडी मागे घ्यायला भरले का?" तो पोरगा गप्प बसला. मला फार लाज वाटली.

31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना जिप्सींनी दोन्हीकडून अडवलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. गाइड आणि चालक निलंबित झाले. योग्यच झालं. पण "अजून थोडी पुढे घे" म्हणणारे आपणच असतो ना? गाइड आसपासच्या गावांतली मुलं. वाघ दिसला तर टीप, नाही तर आपलं तोंड वाकडं. मग त्याने गाडी मागे घ्यायला कोणाच्या जोरावर सांगायचं?

दुपारच्या फेरीला आम्ही निघण्याआधीच टीप गाइडच्या हातात ठेवली आणि म्हटलं, "तुम्ही दाखवाल ते बघू." त्याने झाडाच्या खोडावरचे अस्वलाच्या नख्यांचे ओरखडे दाखवले, माझं अख्खं बोट आत मावेल एवढे. ज्याच्या नावावरून ताडोबा हे नाव पडलं, त्या गोंडांच्या तारू देवाचं ठाणं तलावाकाठी आहे, हेही त्याच्याकडूनच कळलं. मग तेलिया तलावाशी अर्धा तास गाडी बंद करून बसलो. सांबराची मादी पिल्लाला घेऊन पाण्यात उतरली होती. मध्येच थांबून कान टवकारायची. माझी सात वर्षांची भाची तेवढा वेळ एक शब्द बोलली नाही. वाघ काही दिसला नाही.

वनविभागाला विनंती आहे की, गाइडने 'मागे घ्या' म्हटल्यावर हुज्जत घालणाऱ्या पर्यटकाची फेरी तिथेच संपेल आणि पैसे परत मिळणार नाहीत, अशी अट तिकिटावर ठळक मराठीत छापावी. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं. 1 ऑक्टोबरला ते उघडण्याआधी एवढं नक्की होऊ शकतं.

– एक वाचक, वरोरा