सोमवारच्या आधी वाच

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास, बरं झालं. नाहीतर मी पुन्हा तेच बोलले असते. सोमवारी कोपरात घेणार आहेस त्या दुसऱ्या इंजेक्शनचं नाव काढायचं नाही असं ठरवून लिहायला बसलेय.

पहिल्या इंजेक्शनने पंधरा दिवसांत हात मोकळा झाला, म्हणतोस. होतोच. स्टिरॉइडने सहाएक आठवडे बरं वाटतं. वर्षभराचा हिशेब मांडला तर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा इंजेक्शनवाल्यांचंच दुखणं जास्त उलटतं. कोपराच्या बाहेरच्या हाडाला मनगट उचलणारे स्नायू चिकटतात, तिथली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, झिजलीय. सूज फारशी नसतेच, मग स्टिरॉइड उतरवणार काय?

होळीला चहाचा टोप डाव्या हाताने उतरवलास. पाहिलं मी.

उजवा हात टेबलावर ठेव, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. मूठ वर उचलून धर, डाव्या हाताने वरून दाब, पण हलू देऊ नकोस. 45 सेकंद, असं 5 वेळा, मधे दोन मिनिटं थांबून. दुखणं निवळलं की अर्ध्या लिटरची भरलेली बाटली, पुढे लिटरची. डाव्याने आधार देऊन वर आण, उजव्याने चार आकडे मोजत हळू खाली सोड. 15 वेळा, 3 फेऱ्या, दिवसाआड. दहात तीन-चार इतकं दुखलं तरी चालेल, सकाळपर्यंत उतरायला हवं. नाही उतरलं तर वजन कमी कर, बंद नको. सगळे इथेच फसतात. दुखलं की हात गळ्यात, जरा बरं वाटलं की अख्खी बाग एका दिवसात! 12 आठवडे धर.

आणि आंबे उतरवायचा झेला. कोपर ताणून, काठी आवळून हिसका देतोस, सगळा मार तिथेच बसतो. काठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळ, मूठ सैल राहील. पेटी उचलताना तळवे वर, कोपरं अंगाशी. कोपराचा पट्टा दुखऱ्या जागेवर नको, दोन बोटं खाली बांध; झोपताना काढ. बोटांना मुंग्या आल्या किंवा मानेतून कळ उतरली तर मात्र दुखणं वेगळं, लगेच दाखव.

झालं माझं लेक्चर, रागावू नकोस. नववीत होतास, शेंड्याचा आंबा एकट्याने उतरवलास. मी खालून ओरडत होते आणि शेजारणींना दाखवतही होते. तोच हात रे हा.

सुमीबरोबर नाचणीचं पीठ पाठवतेय. पेट्या दत्तूला भरू दे.

सोमवारची वेळ रद्द केलीस का, तेवढं कळव.

आई